हंबीररावांची चूल

खडकवाडी, ता. कोरेगाव
३० जून १९७४

चि. शालन,

तुला होस्टेलात सोडून मी माघारी सुखरूप पोचलो. हातपाय धुऊन जोत्यावर बसलो, नाथादादाकडनं ताट येईल म्हणून. दोन्ही वेळचं ताट धाडायचं, असं तूच राहीवहिनीशी बोलून ठेवलं व्हतंस. दिवेलागण झाली तरी ताट न्हाई. मग दादाच आला, हात हलवत. म्हणला, "घरातली विधवा सून परमुलखात ठेवून आलास. थोरल्या भावाला इचारलं न्हाईस. आता तिच्याकडनंच भाकरी मागव. माझ्या घरातनं ताट येणार न्हाई."

मी म्हणलं, "नको येऊ दे. मला हात हायत."

दादा हसला. त्याचं हसणं बरोबर हाय. मी जन्मात चुलीफुडं बसलो न्हाई. तुझी सासू व्हती तवर तिनं केलं, ती गेल्यावर तू केलंस. पलटणीत लंगर व्हता, थाळी घेऊन रांगेत उभं राहायचं एवढंच काम.

सकाळी चूल पेटवली. म्हणजे धूर केला. मग पीठ काठवटीत घेतलं, पाणी वतलं. पाणी जास्त झालं म्हणून पीठ, पीठ जास्त झालं म्हणून पाणी, असं करता करता डबा संपत आला. तेवढ्यात शेजारची बनुबाई ताक घेऊन दारात आली. मला कडी काढता येईना. दोन्ही हात पिठात, आन पीठ काय हात सोडंना. शेवटाला कोपरानं कडी काढली. ती म्हणली, "भावजी, घर लिपाय काढलंय काय?" मी व्हय म्हणलं.

जे झालं ते तव्यावर टाकलं आन खाल्लं. भाईरनं करपलं व्हतं, आतनं कच्चं व्हतं.

पर एक ध्यानात ठेव. सयाजी लढाईत गेल्यावर अडीच वर्सं तू ह्या घरात खाली मान घालून वावरलीस. मास्तरीण व्हायचंय म्हणलीस, तवा पयल्यांदा तुझा आवाज नीट ऐकला. तेवढ्यासाठी मी कच्ची भाकरी खाईन. तू काळजी करायची न्हाई. भाकरीला पाणी किती घालायचं तेवढं कळीव.

हंबीरराव


विश्रामबाग, सांगली
८ जुलै १९७४

ती. आबा,
शालनचा नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं, मग परत वाचलं आणि परत हसले. थोरल्या आत्याबाईंवर रागावू नका. त्यांच्या हातात काय आहे? थोरले मामंजी नको म्हणाले की त्या घरात पाणीसुद्धा उकळत नाही.

भाकरी अशी करा. पाण्याला चांगली उकळी आणा. पिठाच्या मधोमध आळं करून त्यात ते पाणी अंदाजानं घाला. तळहातानं मऊ होईपर्यंत रगडा, मग थापा. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकलं की उलटा, आणि शेवटी निखाऱ्यापुढं उभी करा, म्हणजे फुगेल. कालवणाला पिठलं करा, ते सगळ्यात सोपं. पाणी, पीठ, मिरची, मीठ, सगळं अंदाजानं.

आमच्या होस्टेलात मुलींनी पाळीपाळीनं रांधायचं असतं. इथं चूल नाही, पंपाचा स्टोव्ह आहे. माझ्या पाळीला मी भाकऱ्या करते म्हणाले, मोठ्या तोऱ्यात. स्टोव्हच्या जाळावर भाकरी मधोमध काळी आणि कडेनं पांढरी होते. मिरजेच्या एका मुलीनं त्यातली एक भिंतीवर टांगली आणि खाली खडूनं 'सूर्यग्रहण' असं लिहिलं. पंप जास्त मारला गेला तेव्हा जाळ इतका वर गेला की रेक्टरबाई बादली घेऊन धावत आल्या.

इथं मला बरं वाटतं आहे, हे लिहायची लाज वाटते. तुम्ही तिथं कच्चं खाता आणि मी इथं बालमानसशास्त्र शिकते. तुम्ही म्हणालात तर परत येते.

शालन


खडकवाडी
१८ ऑगस्ट १९७४

चि. शालन,

परत येते हे पुन्यांदा लिहू नकोस.

आता तुझ्या अंदाजाबद्दल. अंदाज म्हणजे किती? पलटणीत मी अंदाजानं गोळी झाडली असती तर मला घरी धाडला असता. पिठल्याला उकळतं पाणी घेतलं, पीठ एकदम वतलं. त्याच्या गोळ्या झाल्या. साध्यासुध्या न्हाईत, बंदुकीत भराव्या अशा. मीठ मूठभर घातलं. पर मूठ माझी व्हती, तुझी न्हाई. सगळं उकिरड्यावर वतलं. दोन दिस शेंगा आन गूळ खाऊन काढलं. ही कृती तू मास्तरीण होऊन पोरास्नी शिकवू नकोस.

मधी आणखी एक झालं. तू बरणीत ठेवलेली चटणी संपली. म्हणलं, नवी करू. भाईर पावसाची झड लागलेली, म्हणून दारंखिडक्या लावून घेतल्या आन तव्यात मिरच्या भाजाय घातल्या. मिरच्या काळ्या पडाय लागल्या तशी मला धाप लागली. डोळ्याला दिसंना. मी भिंत चाचपत भाईर पडलो.

आपल्या आन दादाच्या घराच्या मधल्या भिंतीत वर झरोका हाय, तो माझ्या ध्यानात न्हवता. सगळा ठसका तिकडं गेला. तिकडं भावकी बसली व्हती. कशासाठी बसली व्हती ते मागनं कळलं, माझ्यावरच बोलाय. खोकत, शिंकत, नाक धरत सगळी भावकी भर पावसात रस्त्यावर आली. कोंडीबाअण्णाचा पटका घरातच राहिला. दादा लांबनं वरडला, "हंब्या, हे मुद्दाम केलंस."

मुद्दाम न्हवतं केलं. पर आता कसं करायचं ते माहिती झालंय, हे त्याला सांगितलं.

राहीवहिनी पदरानं तोंड धरून भिताडाला टेकल्या व्हत्या. मला वाटलं ठसका लागलाय. नीट बघितलं तर हसत व्हत्या.

हंबीरराव


विश्रामबाग, सांगली
२० ऑक्टोबर १९७४

ती. आबा,
शालनचा नमस्कार.

काल थोरले मामंजी होस्टेलवर आले होते. हळदीच्या सौद्याला पेठेत आले होते म्हणे. बसा म्हणाले तर बसले नाहीत. फाटकात उभ्याउभ्याच बोलले, सगळ्या मुलींसमोर. "हंबीर निम्मा झालाय. छातीची हाडं दिसत्यात. चुलीजवळनं उठला की दम लागतो. ज्यानं तुला पोरीसारखी सांभाळली त्याला उपाशी मारून तू हितं पुस्तकं वाच."

ते गेल्यावर ट्रंक भरायला घेतली.

तुमच्या पत्रांतून मी हसत होते. शेजारच्या मुलींनाही वाचून दाखवत होते. तुम्ही मुद्दाम हसण्यासारखं तेवढंच लिहीत होतात का? आबा, मला खरं काय ते कळवा. तुमचं पत्र शनिवारपर्यंत आलं नाही तर मी त्या दिवशीच्या गाडीनं निघणार आहे.

शालन


खडकवाडी
२३ ऑक्टोबर १९७४

चि. शालन,

ट्रंक मोकळी कर.

खरं लिहितो. वाळलोय. पैरण ढिली झालीया. दम लागतो तो फुकणी फुकून. दादा हे सांगाय सांगलीपातुर आला, पर हितं मधल्या भिंतीपलीकडनं एक भाकरी त्याला धाडवली न्हाई. त्याला माझी काळजी न्हाई. तू माघारी यावीस आन त्याचं खरं व्हावं, एवढंच पायजे. तू गाडीत बसलीस की तो जिंकला. मग मी जिवंत ऱ्हाऊन काय करू?

आता चांगलं ऐक. म्हसवडकडचा तात्याबा धनगर मेंढरं घेऊन आपल्या खालच्या रानात बसलाय. त्याची बायको हरणाबाई मीठ मागाय आली, तवा मी भाकरी थापत व्हतो. ती उंबऱ्यात उभी राहून बघत बसली. मग म्हणली, "भाकरीला मारताय कशापायी? तिनं काय वाकडं केलंय तुमचं?"

तवा माझ्या ध्यानात आलं. दादाचा सगळा राग मी पिठावर काढत व्हतो. ती म्हणली, "ल्येकराला थोपटत्यात तसं थोपटा." तिनं माझ्या शेजारी बसून एक करून दाखवली. दुसरी मी केली. तिसरी फुगली.

अगं शालन, फुगली. गोल न्हवती, आपल्या तालुक्याच्या नकाशासारखी व्हती, पर टम्म फुगली. मी ती ताटात घेतली आन चावडीवर गेलो. दादा पारावर बसला व्हता. त्याच्या फुडनं ताट घेऊन गेलो. मग काय तरी इसरलं म्हणून त्याच वाटंनं माघारी आलो. मग परत गेलो. तवर भाकरी गार झाली. तशीच खाल्ली, लय ग्वाड लागली.

आता पैरण आपोआप भरंल. तू पुस्तकं वाच.

हंबीरराव


विश्रामबाग, सांगली
१४ डिसेंबर १९७४

ती. आबा,
शालनचा नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत सराव पाठ घ्यायचे होते म्हणून मला येता आलं नाही. त्यानंतर तुमचं एकच पत्र आलं, आणि त्यातलं अक्षर शाळेतल्या गुरुजींचं होतं. 'माझी प्रकृती उत्तम आहे' असं तुम्ही कधी लिहीत नाही. उजव्या हाताला काय झालं?

गेल्या आठवड्यात हे गेले तो दिवस होता. मी इथं काही केलं नाही. सकाळी अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं आणि वर्गात जाऊन बसले. दिवसभर मास्तर काय शिकवत होते ते ऐकू आलं नाही.

त्याच आठवड्यात होस्टेलात सत्यनारायण होता. स्वैपाकाची पाळी माझी होती. मी रवा भाजायला घेतला तर रेक्टरबाईंच्या सासूबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "तू नको गं. प्रसादाला सवाष्णीचा नाहीतर कुमारिकेचा हात हवा. तू जरा बाहेर बैस." मी झारा ठेवला आणि बाहेर जाऊन बसले.

ज्या दोघींना आत बसवलं त्यांना घरी आयतं ताट मिळतं. थोड्या वेळानं वास आला. मग धूर आला. मग एक मुलगी आली, शिरा कढईतून सुटत नाही म्हणून. मग दुसरी आली, झारा वाकला म्हणून. भटजी येऊन बसलेले. शेवटी सासूबाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "शालन, तू कर बाई पटकन दुसरा."

आबा, मी बसल्या जागची उठले नाही. म्हटलं, "माझा हात चालत नाही ना? मग तोच शिरा दाखवा देवाला." त्यांनी मला उद्धट म्हटलं. वाटीएवढा पांढरा भाग कसाबसा वरून खरवडून त्यांनी नैवेद्य दाखवला. संध्याकाळी मुलींनी ती कढई कुंपणाशी नेऊन खुरप्यानं साफ केली. मला हसू येत होतं आणि मन खातही होतं. मी चुकले का?

शालन


खडकवाडी
२२ डिसेंबर १९७४

चि. शालन,

चुकली न्हाईस. उठली असतीस तर चुकली असतीस.

हाताचं सांगतो. दिवाळीत मला चकल्या करायची सुरसुरी आली. सगळ्या आळीत वास सुटलेला, आपल्याच घरातनं न्हाई, हे मला बघवंना. भाजणी बनुबाईनं दिली. चकल्या तेलात सोडल्या, आन त्या फुटाय लागल्या. एक फुटली की दुसरी फुटायची. आळीतली पोरं समजली, मी घरात फटाकं लावतोय. तेल उजव्या हातावर उडालं. मनगटापातुर फोड आलं. आता खपली धरलीया, म्हणून हे पत्र मी लिहितोय, अक्षर बघून घे. तुला कळीवलं असतं तर तू ट्रंक भरली असतीस. तुझी ट्रंक लय लवकर भरती.

सयाजीच्या दिवशी मी शेवयाची खीर केली. त्याला लय आवडायची. हात बांधलेला, डाव्या हातानं ढवळत व्हतो. ढवळता ढवळता त्याचं ल्हानपण आठवाय लागलं, आन हात थांबला. खीर बुडाला लागली. पयल्यांदा वाईट वाटलं, पोराच्या दिवशी बी धड जमलं न्हाई म्हणून. मग एक वाटी त्याच्या फोटोफुडं ठेवली आन एक मी खाल्ली.

खाताना एक ध्यानात आलं, ते तुला सांगतो, राग मानू नकोस. सयाजी अशीच खीर खायचा. तुझी खीर बी बुडाला लागायची, शालन. दर बारीला. तुझी सासू मला खुणावायची, मी तिला गप ऱ्हा म्हणायचो. सयाजी वाटी पुसून खायचा. तू ज्या तोऱ्यात मला अंदाज शिकवलास, तो अंदाज काय आमास्नी ठाऊक न्हवता असं न्हाई.

हंबीरराव


विश्रामबाग, सांगली
२८ मार्च १९७५

ती. आबा,
शालनचा नमस्कार.

परीक्षेचं वेळापत्रक लागलं. पहिला पेपर आपल्या भैरोबाच्या यात्रेच्या दिवशीच आला आहे.

थोरल्या मामंजींचा निरोपही आला आहे. हळदीच्या गाडीबरोबर आलेल्या माणसाकडून. यंदा भावकीच्या जेवणाची पाळी आपल्या घराची आहे, नैवेद्य आणि पंगत दोन्ही. घरात रांधायला बाई नसेल तर ही पाळी कायमची काढून घेणार, आणि तुम्हाला भावकीतून वेगळं धरणार.

आबा, तुम्ही मला हे का कळवलं नाहीत?

पेपर पुढच्या वर्षी देता येईल, तसं मी इथं विचारलं आहे. वर्ष वाया जाईल, बाकी काही नाही. पण ज्या भावकीत तुम्ही जन्मलात तिनं तुम्हाला म्हातारपणी वाळीत टाकावं, तेही माझ्यामुळं, हे मला सोसणार नाही. यात्रेच्या आदल्या दिवशी येते. पुरणाची डाळ आणून ठेवा.

शालन


खडकवाडी
३ एप्रिल १९७५

चि. शालन,

डाळ आणलीया. पर तुझ्यासाठी न्हाई.

तू पेपर सोडून आलीस तर मी दाराला आतनं कडी लावीन आन उघडणार न्हाई. मग बस भैरोबाच्या पायरीवर. तुझ्यामुळं म्हणतीस, ते बी खोटं. दादाची आन माझी ही जुनी कुस्ती हाय. तो थोरला म्हणून आजवर मी पाठ टेकत आलो. ह्या बारीला टेकणार न्हाई.

त्याला मी सांगितलं, पंगत व्हईल आन पुरणपोळीचीच व्हईल, मी रांधणार. तो म्हणला, "मग भावकीतला एक पुरुष तुझ्या दारात जेवाय येणार न्हाई." मी म्हणलं, "पत्रावळ्या तर मांडीन."

रोज सराव चाललाय. पुरण पातळ हुतंय. पोळी लाटली की कडंनं भाईर येतंय, तव्यावर जळतंय, आन तव्याला गुळाचं डांबर बसतंय. एक पोळी उलथताना चुलीत गेली, एक धोतरावर आली. धोतराला अजून मुंग्या लागत्यात. बनुबाई म्हणली, "भावजी, निस्ता भात-आमटी करा, कोण नावं ठेवणार न्हाई." कोण नावं ठेवणार न्हाई म्हणूनच मी ते करणार न्हाई.

तुला काय करायचं असलं तर एक कर. डाळीला पाणी किती, गूळ किती, हे नीट मापानं लिहून धाड. अंदाज धाडू नकोस.

हंबीरराव


विश्रामबाग, सांगली
१४ एप्रिल १९७५

ती. आबा,
शालनचा नमस्कार.

मी येत नाही. पेपर देते आहे.

थोरल्या मामंजींना मी वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात एवढंच लिहिलं की सुनेची परीक्षा आहे, ती येणार नाही, आणि हे तिनं स्वतः ठरवलं आहे. जेवायला यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यांना मी आजवर तोंड वर करून उत्तर दिलं नव्हतं. पेटीत टाकेपर्यंत भीती वाटली. टाकल्यावर गेली.

आता पुरणाचं. तुमचं पत्र आल्यापासून मी इथं चार वेळा पुरण शिजवलं, माझा अंदाज मापात बसवायला. पहिल्या तीन वेळी कळलं की मला अंदाज नव्हताच, तुमचं म्हणणं खरं होतं. होस्टेलच्या मुली आता पुरण बघितलं की खोलीचं दार लावून घेतात. चौथ्यांदा जमलं. ज्या वाटीनं मोजलं तीच वाटी कोरेगावच्या एका मुलीबरोबर पाठवते आहे. वाटीभर डाळीला वाटीभर गूळ. डाळ बोटानं चेपली की पीठ झाली पाहिजे. मग पाणी सगळं निथळून काढा, ते येळवणीच्या आमटीला ठेवा. गूळ घातल्यावर पुरण आटवत राहा. उलथणं त्यात खोवून हात सोडला आणि ते उभं राहिलं की झालं.

खिरीचं जे लिहिलंत त्याचा राग आला नाही. हे वाटी पुसून खायचे, ते मी पाठमोरी असायचे म्हणून मला दिसलंच नव्हतं. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.

शालन


खडकवाडी
२८ एप्रिल १९७५

चि. शालन,

यात्रा झाली. पयल्यापासनं सांगतो.

तुझ्या वाटीनं डाळ मोजली, गूळ मोजला. तुझं माप बरोबर व्हतं. उलथणं खोवलं, उभं राहिलं. मला लय आनंद झाला, म्हणून आणखी वाईच आटवलं. मग उलथणं निघंना. पातेल्यावर पाय देऊन वडलं तवा पुरणाच्या ढेकळासकट भाईर आलं. पाट्यावर वाटाय घेतलं तर वरवंटा चालंना. दूध घातलं. दूध जास्त झालं, पुरण परत पातळ. म्हणजे एवढा सराव करून मी हुतो तितंच आलो.

नैवेद्याची पोळी तेवढी धड निघाली. ती घेऊन देवळात गेलो. गुरवानं एकदा दादाकडं बघितलं, एकदा माझ्या भाजलेल्या हाताकडं बघितलं, आन नैवेद्य देवाफुडं ठेवला.

घरी येऊन अंगण झाडलं, पत्रावळ्या मांडल्या, तांबं भरून ठेवलं आन फाटकात उभा राहिलो. भावकीतलं पुरुष एकेक करून दारावरनं गेलं. कोंडीबाअण्णा गेला, बाळासो गेला. कुणी मान वर केली न्हाई. ऊन चढलं. पत्रावळ्या वाऱ्यानं उडाय लागल्या, तवा एकेकीवर खडा ठेवला. रिकाम्या पत्रावळीवर खडं ठेवताना मला कसं वाटलं ते लिहीत न्हाई.

मग मागच्या दारानं राहीवहिनी आल्या. त्यांचा घरचा सैपाक उरकलेला, पाव्हणं अजून देवळात. पदर खोचतच आत आल्या. "भावजी, सरका. मी लाटते. कुणाला कळायचं न्हाई."

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. चार पोळ्या त्यांच्या हातच्या झाल्या असत्या तर अब्रू राहिली असती. पर मग दादाचंच खरं झालं असतं. मी म्हणलं, "वहिनी, पदर सोडा. हात धुवा आन फुडं अंगणात पानावर बसा."

"मी? पुरुषांच्या आदी?"

"पुरुष येणार न्हाईत म्हणत्यात. अन्न तर झालंय."

त्या वाईच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आल्या तशा जातील. त्यांनी हात धुतलं. मागच्या दारानं न्हाई, फुडच्या दारानं अंगणात गेल्या, पयल्या पत्रावळीवरचा खडा उचलून बाजूला ठेवला आन मांडी घातली. बनुबाई गडग्यावरनं बघत व्हती. वहिनीनं हाक मारली, "बने, ये हिकडं. येताना शेजारनं रंगूला घेऊन ये."

देवळातनं माघारी येणाऱ्या बायका थांबाय लागल्या. एकीनं बघितलं, दुसरीला सांगितलं. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कपाळावर भंडारा. अंगण भरलं, शालन. पत्रावळ्या कमी पडल्या.

मी वाढाय लागलो. पोळी हातात घेतली की पुरण खाली ऱ्हायचं, म्हणून पोळी वायली वाढली आन पुरण पळीनं वायलं वाढलं. बनुबाई म्हणली, "भावजी, तुमच्या समद्या पोळ्या तव्यावरच बाळंत झाल्या की." अशी हसली सगळी पंगत की बैल दावणीला उभं राहिलं. येळवणी माझ्या हातनं तिखट झालेली. डोळ्यातनं पाणी काढत, नाक पुसत खाल्ली, आन परत मागितली. मी तव्यावरनं पानात, पानावरनं तव्याकडं, असा पळत व्हतो. रंगूबाई मदतीला उठाय लागली, तिला खाली बसवलं.

राहीवहिनीनं पोळीचा तुकडा मोडला, त्यातनं वाफ निघाली. त्या तिच्याकडं बघत बसल्या. म्हणल्या, "यात्रेला गरम पोळी मी माहेरात असताना खाल्ली व्हती." मग खाली मान घालून जेवाय लागल्या.

तेवढ्यात दादा आला. त्याच्या घरी पाव्हणं येऊन बसलं, आन वाढाय कोण न्हाई. अशीच गत सगळ्या आळीची झाली व्हती. त्याच्या मागं कोंडीबाअण्णा, त्याच्या मागं बाळासो. दादानं आधी मला बघितलं, पळी हातात, धोतर वर खोचलेलं. मग पंगत बघितली. फाटकातनं म्हणला, "राहे, ऊठ. पाव्हणं खोळंबल्यात."

कुणाचा घास हातात, कुणाचा तोंडात. बनुबाईचं अर्धं अंग उठलेलं, ती तशीच थांबली.

वहिनीनं वर बघितलं न्हाई. तोंडातला घास नीट चावला, गिळला, पाण्याचा घोट घेतला. मग म्हणल्या, "आमी जेवतोय."

दादा फाटकातच राहिला. बनुबाई खाली बसली.

मग वहिनीनं माझ्याफुडं वाटी धरली. "भावजी, हिकडं येळवणी."

मी वाढली.

तुझा पेपर कसा गेला ते कळीव.

हंबीरराव